दोनशे तीस भागिले अप्पा

आमच्या शेजारचे बसलिंग अप्पा नवीन माणसाला आधी नाव विचारत नाहीत. हात कोरडा आहे का, ते विचारतात.

तीन वर्षांपूर्वी आम्ही लातूरच्या या कॉलनीत राहायला आलो. टेम्पोतून सामान उतरत होतं, तेवढ्यात फाटकात एक बारकी मूर्ती उभी राहिली. कपाळावर विभूतीचे पट्टे, पायात जाड रबरी चप्पल, शर्टाच्या खिशात पिवळा मीटर आणि त्याच्या लाल-काळ्या वायरी गळ्यात अडकवलेल्या. मला वाटलं, कुणी डॉक्टर असावेत.

"हात कोरडा हाय का, मॅडम?"

मी गोंधळून पदराला हात पुसले. त्यांनी मीटरची एक सळई माझ्या डाव्या हातात दिली, दुसरी उजव्या हातात. "घट्ट धरा." मी धरल्या. का धरल्या, ते मला आजही सांगता येणार नाही. अप्पांच्या आवाजात असं काही असतं की माणूस धरतो.

"एक लाख दहा हजार ओहम," त्यांनी आकडा वाचला आणि डायरीत टिपून घेतला. "बरा हाय. आता नाव सांगा."

अप्पा मूळचे उदगीरकडचे. एका कॉलेजात, फिजिक्सच्या प्रयोगशाळेत, ते एकतीस वर्षं लॅब अटेंडंट होते. एकतीस वर्षं त्यांनी बारावीच्या पोरापोरींना ओहमच्या नियमाचा प्रयोग मांडून दिला. बॅटरी, एक अँमीटर, एक व्होल्टमीटर आणि तारेचं वेटोळं. व्होल्ट वाढवले की अँपियर वाढतात, आणि व्होल्टला अँपियरनं भागलं की उत्तर दरवेळी तेच येतं. तो त्या तारेचा रोध. "दुनिया इकडची तिकडं होऊ द्या," अप्पा म्हणतात, "भागाकार बदलत न्हाई." रिटायर झाल्यावर प्रयोगशाळा सुटली. प्रयोग मात्र सुटला नाही.

व्होल्ट भागिले अँपियर म्हणजे ओहम. व्होल्ट गुणिले अँपियर म्हणजे वॅट. अप्पांच्या जगात ही दोनच गणितं आहेत, आणि दोन्ही गणितांच्या शेवटी कुणीतरी मरतं.

हे मरण ते फार सौम्यपणे सांगतात. आमच्याकडं पहिल्यांदा चहाला बसले तेव्हा म्हणाले, "कोरडा माणूस लाखभर ओहमचा असतो. तोच माणूस ओला झाला, अनवाणी उभारला, तर हजार. घरात व्होल्ट किती? दोनशे तीस. दोनशे तीस भागिले हजार? पॉइंट तेवीस अँपियर. आता बगा, पॉइंट शून्य तीनला हात सुटत न्हाई. पॉइंट एकला माणूसच सुटतो. साखर जरा कमीच घाला, अक्का."

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी साखर घातलीच नाही. डबा हातात धरून त्या नुसत्या बघत राहिल्या.

कॉलनीतल्या प्रत्येक घरातल्या प्रत्येक वस्तूवर अप्पांची चिठ्ठी चिकटवलेली आहे. आमच्या इस्त्रीवर आहे: "२३० व्होल्ट, ३.२६ अँपियर, ७० ओहम, ७५० वॅट. ओल्या हातानं धरू नये." गीझरवर आहे: "२००० वॅट, ८.७ अँपियर. आधी बंद, मग अंघोळ." सासूबाई अंघोळीला जाताना ही चिठ्ठी मोठ्यानं वाचतात. आधी त्या गंगेचं नाव घ्यायच्या, आता चिठ्ठीनंतर घेतात.

समोरच्या इमारतीत बाहेरगावच्या मुली खोल्या घेऊन राहतात. लातूरला मेडिकलच्या क्लाससाठी आलेल्या. त्यांनी एकदा एकाच एक्स्टेंशन बोर्डाला किटली, इस्त्री आणि केस वाळवायचं यंत्र अशी तिन्ही जोडलेली अप्पांना खिडकीतून दिसली. अप्पा जिने चढून वर गेले, तळहाताची मागची बाजू वायरला लावली आणि म्हणाले, "भाकरीवाणी तापली की गं." मग त्या मुलींना रांगेत उभं करून त्यांनी बेरीज करायला लावली. दीड हजार, साडेसातशे आणि एक हजार, झाले सव्वातीन हजार वॅट. भागिले दोनशे तीस. चौदा अँपियर. "आन् बोर्ड कितीचा? सहाचा. डॉक्टर व्हायला आलात ना? मंग भागाकार करा की आधी." तेव्हापासून अप्पा गल्लीत दिसले की वरून "आले गं, आले!" अशी हाळी येते आणि पटापट पिना उपसल्याचे आवाज ऐकू येतात.

कॉलनीच्या महादेवाच्या देवळात सोमवारी भजन असतं. तिथला माईक लोखंडी, फरशी ओली. अप्पांनी गाणाऱ्या बुवांना सांगितलं, चप्पल घालून गा. देवळात चप्पल कशी घालणार? वाद झाला. शेवटी अप्पांनी घरून रबराचं पायपुसणं आणलं. त्यावर मोठ्या अक्षरात "सुस्वागतम्" लिहिलेलं आहे. बुवा आजही त्यावर उभे राहून गातात.

लोक हसतात. पाठीमागं त्यांना "मीटर" म्हणतात. पण हसणारे सगळे लोक फ्रीज उघडायच्या आधी पायात चप्पल आहे का ते बघतात. मीही बघते. मी शाळेत मराठी शिकवते, आकड्यांशी माझं कधी जमलं नाही. तरी अप्पांच्या शेजारात राहून माझ्या मनात ती भीती कायमची येऊन बसली. भिंतीत काहीतरी आहे, ते दिसत नाही, त्याला आवाज नाही, आणि ते माझा हात ओला व्हायची वाट बघतंय, असं वाटायचं.

माझी नऊ वर्षांची मुलगी गौरी. गेल्या एप्रिलमध्ये ती केस धुऊन आली आणि तशीच, केसांतून पाणी गळत असताना, चार्जिंगला लावलेला फोन घेऊन बसली. अप्पा नेमके दारात. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "ठेव तो! ओली पोरगी, हजार ओहम!" असं ओरडून त्यांनी तिला पूर्ण भागाकार ऐकवला, पार पॉइंट एकपर्यंत.

त्या दिवसापासून गौरी दिव्याचं बटण दाबेना. न्हाणीघरात अंधारातच जायची. पंख्याखाली झोपायची नाही, म्हणायची, तो वरून बघतो. एकदा मी मिक्सर लावला तर किंचाळून रडायला लागली.

माझा नवरा सतीश नांदेडला नोकरीला आहे, शनिवारी रात्री येतो आणि सोमवारी पहाटे जातो. त्यानं रविवारी हे सगळं ऐकलं आणि अप्पा आले तेव्हा त्यांना दारातच अडवलं. "अप्पा, लेकराच्या मनात भीती घालू नका. आमच्या घरचं आम्ही बघू."

"हाव," अप्पा म्हणाले. "बरं हाय." मीटर खिशात आणखी खाली ढकलला आणि परत गेले. जाताना फाटकाची कडीसुद्धा हळू लावली.

पुढचे पंधरा-वीस दिवस ते आले नाहीत. मला बरं वाटायला हवं होतं. पण दुपारच्या वेळी त्यांच्या चपलांचा फटफट आवाज आला नाही की मला उगीच चुकल्यासारखं वाटायचं.

मे महिना लागला. लातूरचा मे म्हणजे दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही. आमच्या मागच्या खोलीच्या खिडकीत पत्र्याचा कूलर आहे, त्यात पाणी बाहेरून, मागच्या अंगणातून भरावं लागतं. एका दुपारी गौरी आतल्या खोलीत चित्र काढत बसली होती. वारं तिच्याकडं यावं म्हणून मी कूलरच्या पट्ट्या वळवायला हात लावला, आणि बोटांत मुंग्या आल्या.

मी हात मागे घेतला. हात अवघडला असेल म्हटलं. पुन्हा लावला. पुन्हा मुंग्या. बारीक, एकसारख्या, जसं पत्र्याच्या आत कुणीतरी पुटपुटतंय.

सतीशला फोन लावला, लागला नाही. अप्पांना बोलवावं? कोणत्या तोंडानं? मी टेबलाशी येऊन बसले. मनात आलं, एवढं काय घाबरायचं, मुंग्याच तर आल्या. मग अप्पांचं एक वाक्य आठवलं: "मुंग्या आल्या म्हंजे करंट एक मिलीअँपियर धरायचा. एक अँपियरचा हजारावा भाग."

गौरीच्या वहीचं मागचं पान उलटलं आणि पेन्सिल घेतली. दहावी झाल्यापासून मी असं गणित केलं नव्हतं.

माझा हात कोरडा होता, पायात चप्पल होती. माझा रोध एक लाख दहा हजार ओहम. करंट एक हजारांश अँपियर. भागाकार उलटा फिरवला की गुणाकार. एक लाख दहा हजार गुणिले एक हजारांश.

एकशे दहा.

एकशे दहा व्होल्ट माझ्या खिडकीत, पत्र्यावर. मी तो आकडा पुन्हा पुन्हा बघितला, चूक कुठं सापडते का ते शोधत. सापडली नाही. मग पुढचा भागाकार मी करत नव्हते, तो आपोआप होत होता. हेच जर कुणी ओल्या हातानं, अनवाणी धरलं तर? एकशे दहा भागिले हजार. पॉइंट अकरा.

पॉइंट एकला माणूसच सुटतो.

आणि मागच्या अंगणातून बादलीच्या कडीचा आवाज आला.

सासूबाई. दुपारी कूलरमध्ये पाणी भरायचं काम त्यांचं. अंगणात त्या कधी चप्पल घालत नाहीत, तिथं तुळस आहे म्हणून. हातात स्टीलची बादली. फरशी ओली. कानानं कमी ऐकू येतं, त्यात कूलरची घरघर. मी "आई!" म्हणून ओरडले ते मलाच ऐकू आलं नाही.

माझं सगळं अंग अंगणाकडं ओढत होतं. जाऊन त्यांचा हात धरावा, मागे खेचावं. पण पाय दुसरीकडं वळले. अप्पांनी हे दहा वेळा सांगितलं होतं: माणसाकडं धावायचं न्हाई, मेनकडं धावायचं. मेन स्विच पुढच्या दारावर, उंच. स्टूल शोधायला वेळ नव्हता. फरशी पुसायचा लाकडी दांडा उचलला आणि त्या खटक्यावर मारला. चुकला. पुन्हा मारला. दांडा भिंतीवरच आपटत होता. तिसऱ्यांदा खटका खाली आला.

घर एकदम गप्प झालं. कूलरचं पातं फिरत फिरत थांबलं.

मागून काहीच आवाज येत नव्हता. मी अंगणाच्या दारापर्यंत गेले ती भिंत धरून. तेवढं अंतर मला अजून आठवतं.

सासूबाई एक हात कूलरच्या दिशेनं पुढं करून उभ्या होत्या. पत्र्यापासून वीतभर लांब. मागे वळून म्हणाल्या, "लाईट गेली का गं?"

मी तिथंच खाली बसले आणि रडायला लागले. गौरी धावत आली. सासूबाई बादली खाली ठेवून विचारत होत्या, "अगं काय झालं? कुणाचा फोन आला का?"

मग मी उठून अप्पांच्या घरी गेले. चप्पल घालायचं भान होतं, बाकी कशाचं नव्हतं. दार उघडंच होतं. मी यापूर्वी कधी आत गेले नव्हते. आत भट्टी पेटवल्यासारखा उकाडा होता. अप्पा खुर्चीत बसले होते, खांद्यावर ओला पंचा आणि हातात ताडाचा पंखा. भिंतीवरच्या सगळ्या बटणांवर चिकटपट्टी लावलेली. कोपऱ्यात कापडात गुंडाळून ठेवलेला टेबल फॅन.

"अप्पा, कूलर... मुंग्या... एकशे दहा," मी म्हटलं.

त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. मीटर घेतला आणि माझ्या पुढं चालायला लागले.

त्यांनी आम्हा तिघींना गल्लीत उभं केलं, मग एकटे आत गेले, मेन चालू केला. खिडकीतून त्यांचा आवाज आला, "एकशे सतरा!" थोड्या वेळानं पुन्हा: "नुसता आकडा कधी कधी खोटं बोलतो, बल्ब लावून बघायलोय." कूलर आणि नळाच्या पाइपाच्या मध्ये त्यांनी बल्ब जोडला. तो लालसर पेटला. "बल्ब पेटला म्हंजे माणूस विझला," एवढं म्हणून त्यांनी मेन बंद केला आणि बाहेर आले. घामानं शर्ट अंगाला चिकटला होता.

"तुमचं किती आलतं, मॅडम?"

"एकशे दहा."

"सहा टक्के चूक. प्रॅक्टिकलला चालती." असं म्हणून ते आमच्या पायरीवर बसले. मीटर मांडीवर पडला, आणि मी बघितलं, त्यांचे दोन्ही हात थरथरत होते.

संध्याकाळी वायरमन आला. कूलरमधल्या पंपाची वायर पत्र्याच्या कडेला घासून उघडी पडली होती, आणि अर्थिंगची वायर कुठंच जोडलेली नव्हती. "तिसरी पिन नुसती शोभेला," अप्पा त्याच्या डोक्यावर उभे राहून म्हणाले. ते स्वतः कधी दुरुस्ती करत नाहीत. "मी रीडिंग घेणारा माणूस," असं सांगतात.

वायरमन गेल्यावर सासूबाईंनी त्यांना पंख्याखाली बसवलं, चहा दिला. मी म्हटलं, "अप्पा, त्या दिवशी सतीश जे बोलला..."

"त्यांचं बरोबर हाय. लेकराला भिववू नये." त्यांनी गौरीकडं बघितलं नाही. "सवय लागली मला. दुसरं काय देता येतंय कुणाला?"

सासूबाईंना बारीकसारीक ऐकू येत नाही, पण दिसतं सगळं. मी अप्पांच्या घराचं वर्णन केलं होतं ते त्यांच्या डोक्यात होतं. त्यांनी सरळ विचारलं, "अप्पा, एवढ्या उन्हाळ्याचं तुमी पंखा कामून लावत न्हाई? बिघडलाय का?"

"न्हाई. चांगला हाय."

"मंग?"

"मी पयल्यापासून लई भितो, अक्का. कॉलेजात सगळा प्रयोग दोन-चार व्होल्टचा, बॅटरीवरचा. त्याला काय भ्यायचं? घरी आलो की बटणाला हात लावायला भ्यायचो. काशीबाई हसायची. पण मी पंखा लावायचा म्हणलं की हातातलं काम टाकून मेनपाशी जाऊन उभारायची. म्हणायची, लावा, मी हाय. चाळीस वर्षं उभारली."

काशीबाई म्हणजे त्यांची बायको. आम्ही इथं यायच्या आदल्या वर्षी त्या गेल्या. मूलबाळ नाही.

"तापाचं निमित्त झालं. आठ दिवसांत गेली. त्यात करंट न्हाई, व्होल्ट न्हाई. मीटर कुठं लावावा, कळंना मला." त्यांनी कप खाली ठेवला. "आता मला चिकटलं, तर मेन बंद करायला कोण हाय? म्हणून लावत न्हाई. रात्री एक दिवा लावतो, तो बॅटरीचा."

त्या मोठ्या आवाजात चाललेल्या आमच्या पंख्याची मला लाज वाटली.

गौरी मघापासून दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "मी उभी राहते मेनपाशी."

"नको गं बाई. तू भितीस."

"तुम्ही पण भिता."

अप्पांनी पहिल्यांदा तिच्याकडं नीट बघितलं. मग प्रयोगशाळेतल्या आवाजात विचारलं, "मी वरडलो, तर काय करशील?"

"आधी मेन खाली."

"आन् मला?"

"तुम्हाला हात लावायचा नाही."

"अजिबात?"

"मेन बंद होईपर्यंत अजिबात नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. प्लास्टिकच्या स्टुलावर लाकडी पाट ठेवून अप्पांनी गौरीला वर चढवलं. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, पण हात मेनवर होता. अप्पांनी टेबल फॅनवरचं कापड सोडलं. जुन्या इरकल साडीचा तुकडा होता तो. त्याची त्यांनी नीट घडी केली. फॅनचा पत्रा मीटरनं तपासला, वायर बोटाबोटानं तपासली, मग बटणावरची चिकटपट्टी काढली. आणि तिथं बोट ठेवून थांबले. बराच वेळ.

"लावा अप्पा," गौरी म्हणाली. "मी आहे."

अप्पांनी डोळे मिटले आणि बटण दाबलं.

पातं आधी कुरकुरलं, मग फिरायला लागलं. भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं. अप्पा खुर्चीत येऊन बसले, अंग चोरून, कुणाच्या तरी घरी पहिल्यांदाच आल्यासारखे. हळूहळू त्यांचे खांदे सैल झाले. पाचेक मिनिटांत मान एका बाजूला कलली. तोंड किंचित उघडं, कपाळावरची विभूती घामानं पसरलेली, ती आता वाळत होती. किती उन्हाळ्यांची झोप होती, कोण जाणे.

मी गौरीला खुणेनं म्हटलं, चल आता, उतर.

तिनं मान हलवली. नाही. मेनवरचा हात तिनं काढला नाही.

मग मीही तिच्या स्टुलाला टेकून फरशीवर बसले.